चपट्या तारेचा उजळ नाद

बेस गिटारच्या तारांच्या पाकिटावर एक शब्द बहुधा छापलेला असतो : ‘ब्राइट’, म्हणजे उजळ. आता तारेच्या आवाजाला उजेड कसा असणार? तबलजी ‘बंद बोल’ आणि ‘खुला बोल’ म्हणतो, सतारिया ‘जवारी खुली आहे’ म्हणतो, तसाच हाही एक वापरातला शब्द. पण दुकानात तो शब्द वाचून विद्यार्थी काही हजार रुपये मोजतो, आणि एकदा उघडलेला तारांचा संच दुकानदार सहसा परत घेत नाही. तेव्हा या शब्दाचा मोजता येईल असा अर्थ काय, हे पाहायला हवे. त्यातही ‘फ्लॅटवाउंड’, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेली तार, ही मुळात दबक्या, गोलाईदार आवाजासाठी प्रसिद्ध. मग ‘उजळ फ्लॅटवाउंड’ हा प्रकार काय आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ताणलेल्या तारेचे पाठ्यपुस्तकातले बहुतेक सगळे नियम उपयोगी पडतात. म्हणूनच तो आम्ही येथे घेतला आहे.

उजळ म्हणजे काय?

बेस गिटारला साधारणपणे चार तारा असतात. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले. त्याच्या मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. आजही बहुतेक बेस गिटारांची लांबी एवढीच असते. चार तारा अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ वारंवारतेला लावतात. म्हणजे सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते.

पण तार एकाच तऱ्हेने कंप पावत नाही. ती एकाच वेळी अख्खी हलते, दोन भागांत हलते, तीन भागांत हलते. त्यामुळे ४१.२ या मूळ स्वराबरोबर ८२.४, १२३.६, १६४.८ हर्ट्झ असे दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही निघतात. त्यांना आपण अधिस्वर म्हणू. मूळ स्वराच्या तुलनेत वरच्या अधिस्वरांचे प्रमाण जास्त असेल आणि ते जास्त वेळ टिकत असतील, तर कानाला नाद खणखणीत, म्हणजे उजळ वाटतो. ते लवकर विझले, तर नाद दबका वाटतो. पाकिटावरच्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. शाळेच्या सभागृहातल्या छोट्या लाउडस्पीकरमधून ४१ हर्ट्झचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण ८२, १२३, १६५ हर्ट्झ असे अधिस्वर कानावर पडले की आपली श्रवणयंत्रणा त्यांवरून मूळ स्वर ‘भरून’ घेते. जिच्यात अधिस्वरच नाहीत अशी तार एकट्याने वाजवताना मधुर वाटेल. पण ड्रम आणि दोन गिटारी सुरू झाल्या की बेस ऐकूच येत नाही. ज्यांना चपट्या तारेची गुळगुळीत चाल हवी, पण वाद्यवृंदात हरवायचे नाही, तेच उजळ फ्लॅटवाउंड शोधत असतात.

तार गुंडाळायची कशासाठी?

फ्रान्समधील मरिन मर्सेन यांनी १६३६ मध्ये ताणलेल्या तारेचे नियम मांडले. तारेची लांबी दुप्पट केली की वारंवारता निम्मी होते. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट होते. आणि दर मीटर लांबीचे वस्तुमान चौपट केले की वारंवारता निम्मी होते. खालचा स्वर हवा असेल तर तीनच वाटा : तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. बेस गिटार खांद्याला अडकवायचे असल्याने लांबीला मर्यादा आहे. तार फार सैल केली तर ती पडद्यांवर फडफडते. उरला मार्ग जड करण्याचा.

मग अडीच मिलिमीटर जाडीची भरीव पोलादी सळीच का लावू नये? कारण आदर्श तार आणि खरी तार यांत एक फरक आहे. आदर्श तार कशीही वाकते. खरी तार वाकायला विरोध करते. हा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा सोळापट! ताठपणामुळे वरचे अधिस्वर पूर्णांक पटींत राहत नाहीत, वर सरकतात. अशी अडीच मिलिमीटरची पोलादी सळी ८६४ मिलिमीटर लांबीवर ४१ हर्ट्झला लावली, तर आकडेमोडीनुसार तिचा दहावा अधिस्वर मूळ स्वराच्या दहापटीवर न येता सुमारे एकोणीसपटीवर येतो. तिचा आवाज तारेचा न वाटता लोखंडी पहार आपटल्यासारखा वाटेल.

यावर सतराव्या शतकातच युरोपातल्या वाद्यकारांनी उपाय शोधला. बारीक, लवचीक गाभा घ्यायचा आणि त्यावर दुसरी तार वेटोळ्यांत गुंडाळायची. वेटोळी वजन वाढवतात, पण वाकण्याला फारसा विरोध करत नाहीत, कारण ती एकमेकांना चिकटलेली नसतात. समजा गाभा ०.६ मिलिमीटरचा आहे. अडीच मिलिमीटरच्या सळीपेक्षा त्याचा ताठपणा सुमारे ३०० पट कमी. त्या तारेचा दहावा अधिस्वर दहापटीपासून अर्ध्या टक्क्याइतकाच ढळतो. वेटोळ्यांमुळे त्यात थोडी भर पडते, पण स्वर स्वर राहतो.

आपल्या तंबोऱ्यालाही हाच प्रश्न सोडवावा लागला. तेथे खर्जाची तार पोलादाऐवजी पितळेची घेतात. पितळ पोलादापेक्षा जड, शिवाय तेवढ्याच जाडीला कमी ताठ. वाट वेगळी, पण हेतू तोच : ताठपणा न वाढवता वजन वाढवणे.

गोल की चपटी?

बाहेरचे वेटोळे गोल तारेचे असेल तर ती राउंडवाउंड. तिच्यावरून नख ओढले की ‘खर्रर’ आवाज येतो. बाहेरचे वेटोळे चपट्या पट्टीचे असेल आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असेल तर ती फ्लॅटवाउंड. जाड तारांमध्ये पट्टीच्या आत गोल तारेचा आणखी एखादा थरही असतो.

सुरुवातीच्या बेस गिटारांवर चपट्या तारा असत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमरसन यांचा जो गोल, भरीव बेस ऐकू येतो, तो ला बेला कंपनीच्या जाड चपट्या तारांचा. ते तारा क्वचितच बदलत. उलट, १९६६ मध्ये इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीने ‘द हू’ या वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल यांच्या सहकार्याने गोल वेटोळ्यांच्या तारा विकसित केल्या. पियानोच्या खालच्या तारांसारखा खणखणीत नाद बेसमधून निघू लागला आणि रॉक संगीतात त्या तारांचा जम बसला.

पण राउंडवाउंडच्या उजळपणाला किंमत मोजावी लागते. वेटोळ्यांमधल्या खाचांत घाम, तेल आणि त्वचेचे कण साचतात आणि काही आठवड्यांतच आवाज दबतो. बोटे घासतात, सरकताना किरकिर होते, पडदेही लवकर झिजतात. चपट्या तारेला खाचा जवळजवळ नसतात. नवेपणाची झळाळी ओसरली की तिचा आवाज स्थिरावतो आणि अनेक वर्षे फारसा बदलत नाही. खर्च वाटून घेणाऱ्या महाविद्यालयीन वाद्यवृंदाला ही मोठी सोय आहे.

उजळपणा जातो कुठे?

चपट्या तारेत अधिस्वर लवकर का विझतात? मुख्य कारण घर्षण. गोल तारेची दोन शेजारची वेटोळी एकमेकांना एका बारीक रेषेवर टेकतात. चपट्या पट्टीच्या कडा मात्र एकमेकींना अधिक जागेवर भिडतात. तार वाकली की या कडा एकमेकींवर घासतात आणि कंपनाच्या ऊर्जेची उष्णता होते.

हे नुकसान सगळ्या स्वरांचे सारखे होत नाही. मूळ स्वरात तार एकाच सौम्य कमानीत वाकते. दहाव्या अधिस्वरात तिच्या दहा लहान कमानी होतात आणि तेवढ्याच आयामासाठी वाकण्याची तीव्रता दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभरपट वाढते. शिवाय हे वाकणे सेकंदाला दहापट वेळा घडते. म्हणून घर्षण वरचे अधिस्वर आधी खाते. ताठ गाभा हे दुसरे कारण : त्यामुळे तीव्र वाकण लागणारे वरचे अधिस्वर मुळातच कमी उमटतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. उजळपणा हा तारेत वरून घातलेला पदार्थ नव्हे. छेडताना सगळेच अधिस्वर कमीअधिक प्रमाणात जन्माला येतात. तार फक्त त्यांतले काही हरवते. उजळ फ्लॅटवाउंड म्हणजे कमी हरवणारी फ्लॅटवाउंड. ती राउंडवाउंडशी बरोबरी करील अशी अपेक्षा ठेवू नये.

पाकीट कसे वाचावे?

आता दुकानात जाऊ. पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे जाडी. ती इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात. ‘१००’ म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिलिमीटर. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत ४५ ते १०० चा संच हा ५२ ते ११० च्या संचापेक्षा बहुधा उजळ वाजतो, कारण जाडी वाढली की ताठपणा आणि घर्षण दोन्ही वाढतात.

दुसरी गोष्ट, बाहेरच्या पट्टीचा धातू. डॅडारिओच्या ‘क्रोम्स’ मालिकेत स्टेनलेस स्टीलची पट्टी असते आणि वादकांमध्ये या तारा उजळ फ्लॅटवाउंडचे ठरलेले उदाहरण मानल्या जातात. अर्नी बॉल कंपनी कोबाल्ट मिश्रधातूची पट्टी वापरते. त्याही याच गटात मोडतात. रोटोसाउंडची ‘जॅझ बेस ७७’ ही मालिका मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची आहे. ऑस्ट्रियाच्या थोमास्टिक-इनफेल्डची ‘जॅझ फ्लॅट्स’ निकेलची, कमी ताणाची आणि हाताला मऊ. तिच्यात अगदी वरच्या स्वरांपेक्षा मधल्या पट्ट्यातले स्वर उठून दिसतात. ला बेलाची जुनी जाड तार दबक्या टोकाला. धातूचा परिणाम दोन तऱ्हांनी होतो : त्याची घनता, कठीणपणा बदलतात, आणि बेस गिटारचा पिकअप चुंबकीय असल्याने तारेचे चुंबकीय गुणही बदलतात. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, चुंबकीय क्षेत्रातली हालचाल टिपतो.

तिसरी गोष्ट, नावाला न भुलणे. जीएचएस कंपनीच्या ‘ब्राइट फ्लॅट्स’ या नावात ‘फ्लॅट’ असले, तरी ती पट्टीची तार नाही. गोल वेटोळ्यांची तार वरून घासून सपाट केलेली असते. म्हणजे हा मधला प्रकार झाला. त्याचा आवाज मधलाच असतो आणि त्यात वावगे काही नाही. पण आपण काय घेत आहोत हे ठाऊक असावे.

चौथी गोष्ट, ताण. मध्यम जाडीच्या चार तारा मिळून वाद्याच्या दांडीला सुमारे ८० किलोग्रॅम भाराइतक्या बळाने ओढत असतात. जाडी किंवा ताण बराच बदलला तर दांडीचा बाक बदलतो आणि तिच्यातली लोखंडी सळई जुळवून घ्यावी लागते. जाणकाराकडून हे करून घ्यावे. जुन्या तारांइतक्याच ताणाचा नवा संच घेतला तर हा व्याप बहुधा वाचतो.

बोट, घोडी आणि जवारी

तार निवडली म्हणजे काम संपले असे नाही. कोणता अधिस्वर किती उमटणार हे छेडण्याच्या जागेवरही ठरते. ज्या बिंदूवर तार छेडली, तेथे ज्या अधिस्वराचा निस्पंद बिंदू असतो, तो अधिस्वर उमटत नाही. थॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तार घोडीपासून एक-चतुर्थांश लांबीवर (२१६ मिलिमीटर) छेडली, तर चौथा, आठवा, बारावा हे अधिस्वर गैरहजर राहतात. आदर्श तारेचे गणित सांगते की येथे तिप्पट वारंवारतेच्या अधिस्वराचा आयाम मूळ स्वराच्या एक-नवमांश असतो. हात घोडीकडे सरकवून एक-अष्टमांश लांबीवर (१०८ मिलिमीटर) छेडले, तर तोच आयाम मूळ स्वराच्या पावपटीहून थोडा अधिक होतो. म्हणजे एक पैसाही खर्च न करता हा अधिस्वर तुलनेने सुमारे २.४ पट झाला! मऊ बोटाऐवजी टणक पिक वापरला तर वरचे अधिस्वर आणखी वाढतात.

आपल्या वाद्यांचा येथे अगदी जवळचा संबंध येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना दाखवून दिले की या वाद्यांत वरचा नियम पाळला जात नाही; जे अधिस्वर गैरहजर असायला हवेत ते जोरकसपणे ऐकू येतात. कारण रुंद, वक्र घोडी. कंप पावणारी तार तिच्या पृष्ठभागाला दर कंपनात टेकते, सुटते, आणि मूळ स्वरातली ऊर्जा वरच्या अधिस्वरांकडे वळते. हीच जवारी.

चपट्या तारेच्या बेसवर हेच घडवणारा वादक म्हणजे ‘आयर्न मेडन’चे स्टीव्ह हॅरिस. त्यांच्या तारा रोटोसाउंडच्या चपट्या आणि चांगल्या जाड, ५० ते ११० च्या. आपल्या आतापर्यंतच्या हिशेबाने त्या दबक्या वाजायला हव्यात. पण ते बोटांनी इतक्या जोराने छेडतात की तार पडद्यांवर आपटते आणि धातूचा खणखणाट उमटतो. शिवाय ते तारा वारंवार बदलतात, म्हणजे नवेपणाची झळाळी कायम राहते. पडद्यांवर आपटणारी तार आणि जवारीवर टेकणारी तार यांतले तत्त्व एकच आहे. जाडी, धातू, वय, हात आणि जागा या पाच गोष्टी मिळून नाद ठरतो. पाकीट त्यांतल्या पहिल्या दोनच सांगते.

वर्गात करून पाहा

यासाठी बेस गिटार असायलाच हवे असे नाही. सायकलच्या ब्रेकची आतली तार घ्या आणि तेवढ्याच जाडीची साधी लोखंडी तार घ्या. दोन्ही सरळ करून टेबलाच्या कडेबाहेर ३० सेंटिमीटर येतील अशा घट्ट धरा. टोकाला २० ग्रॅम वजन अडकवून कोणती किती झुकते ते मोजा. अनेक बारीक तारांची मिळून झालेली ब्रेकची तार कितीतरी जास्त झुकेल. मग वजन काढून दोन्हींची टोके दाबून सोडा. साधी तार बराच वेळ थरथरत राहील, ब्रेकची तार लगेच थांबेल. वेगळ्या सुट्या भागांमुळे लवचीकपणा मिळतो आणि त्याच भागांच्या घर्षणामुळे ऊर्जाही जाते. गुंडाळलेल्या तारेची सगळी कथा या दोन निरीक्षणांत आहे.

बेस गिटार मिळाले तर पुढचा प्रयोग. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेल्या ‘फायफॉक्स’ या मोफत अ‍ॅपमध्ये आवाजाचा वर्णपट दिसतो. तार आधी मध्यावर, मग पाव लांबीवर, मग घोडीजवळ छेडून कोणते अधिस्वर वाढतात, कोणते गळतात ते टिपून घ्या. दोन संचांची तुलना करायची असेल तर दोन्ही सारख्याच वयाचे, सारख्याच जाडीचे असावेत. छेडण्याची जागा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या कळा सारख्या ठेवाव्यात. जुनी चपटी आणि नवी गोल तार शेजारी ठेवून निष्कर्ष काढला, तर फरक आकाराचा की वयाचा हे कळणारच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथे थेट पैसे वाचवतो.

मग निवड कशी करावी?

आमचा सल्ला असा. आधी जुन्या तारांवरच घोडीजवळ छेडून आणि पिक वापरून पाहा. तेवढ्याने काम भागले तर नवा संच नकोच. भागले नाही, पण गुळगुळीत तार हवीच असेल, तर ४५ ते १०० च्या आसपासचा, स्टेनलेस स्टीलच्या किंवा कोबाल्ट मिश्रधातूच्या पट्टीचा संच घ्या. वाद्याची लांबी ३४ इंच आहे ना ते तपासा. तार बसवताना जास्तीचा भाग कापण्याआधी ती खुंटीजवळ काटकोनात वाकवा, म्हणजे वेटोळी सुटत नाहीत. पहिले काही आठवडे ती जास्त झळाळेल. खरा निर्णय त्यानंतरच्या आवाजावरून करा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत राहिलात तर हा संच अनेक वर्षे टिकेल. आणि राउंडवाउंडचाच खणखणाट हवा असेल, तर राउंडवाउंडच घ्यावी.